खरंखोटं पारखायला शिकवता येतं

१५ जानेवारी १९३४ च्या दुपारी, सव्वादोनच्या सुमारास, उत्तर बिहारची जमीन हलू लागली. भूकंपाचं केंद्र पूर्व नेपाळात होतं आणि तीव्रता आठच्या आसपास. मुंगेर आणि मुझफ्फरपूर या शहरांची वाताहत झाली. बिहार आणि नेपाळ मिळून दहा हजारांहून अधिक माणसं गेली. सपाट शेतांना लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून पाणी आणि वाळू उसळून वर आली, विहिरी तळापासून वाळूने भरून गेल्या, उभ्या पिकांवर वाळूचे थर बसले. पाण्याने चिंब झालेली सैल माती जोरात हादरली की काही क्षण द्रवासारखी वागते, हे आज आपल्याला ठाऊक आहे. त्या दिवशी शेतात उभ्या असलेल्या माणसाला एवढंच दिसलं, की पायाखालची जमीन उकळते आहे.

त्यानंतरच्या दिवसांत बिहारमध्ये आणखी एक गोष्ट घडत होती आणि जमुना प्रसाद नावाचे मानसशास्त्रज्ञ ती टिपून ठेवत होते. लोक एकमेकांना काय सांगताहेत, याची ते नोंद करत होते. १८-१९ जानेवारीला पाटण्यावर भयंकर वादळ येणार आहे. येत्या चंद्रग्रहणाच्या दिवशी पुन्हा मोठा भूकंप होणार आहे. नेपाळच्या बाजूने पाण्याचा लोंढा निघाला आहे. भूकंपाच्या क्षणी गंगेचं पाणी नाहीसं झालं आणि स्नान करणारे लोक वाळूत रुतून बसले. ज्या मातीने नुकतीच शेतात वाळू ओकली होती, तिथे राहणाऱ्या माणसाने गंगेची ही गोष्ट खोटी का मानावी? खरं जे घडलं होतं तेही तितकंच अविश्वसनीय होतं. प्रसाद यांचा अभ्यास १९३५ साली ब्रिटनमधल्या मानसशास्त्राच्या नियतकालिकात छापून आला. आपत्तीतल्या अफवांचा असा काटेकोर अभ्यास जगात तोवर फारच थोडा झाला होता.

पण त्या नोंदींमध्ये एक कोडं दडलेलं होतं आणि ते उलगडायला वीसेक वर्षं जावी लागली. या अफवा पसरल्या होत्या त्या मुख्यतः जिथे धक्का जोरात जाणवला, पण विध्वंस डोळ्यांना दिसला नाही, अशा भागांत. घर शाबूत, गाव शाबूत, माणसं शाबूत. मग अशा लोकांनी एकमेकांना धीर देणाऱ्या गोष्टी सांगायला हव्या होत्या. ते तर आणखी भीती वाढवणाऱ्या गोष्टी सांगत होते आणि त्यांवर विश्वासही ठेवत होते. घाबरलेला माणूस आणखी घाबरवणारी बातमी का शोधत असेल?

अमेरिकेत लिऑन फेस्टिंगर हे मानसशास्त्रज्ञ या प्रश्नापाशी अडखळले. त्यांना सुचलेलं उत्तर मला आजही थक्क करतं. या माणसांच्या अंगात भीती भरली होती. आजूबाजूला पाहावं तर घाबरण्यासारखं काहीच नव्हतं. भीती आहे आणि तिला कारण नाही, ही अवस्था मनाला सोसवत नाही. मग मन कारण शोधतं. वादळ येणार आहे, प्रलय होणार आहे, म्हणजे आपण घाबरलो ते बरोबरच आहे! या अफवा भीती निर्माण करत नव्हत्या. आधीच असलेल्या भीतीला त्या आधार पुरवत होत्या. याच विचारातून फेस्टिंगर यांची मनातल्या विसंवादाची उपपत्ती आकाराला आली. १९५७ साली ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली आणि विसाव्या शतकातल्या मानसशास्त्राच्या सर्वांत प्रभावी कल्पनांमध्ये तिची गणना होते. तिचं बीज बिहारच्या बाजारांत आणि घाटांवर लोक जे बोलत होते, त्यात होतं.

पडताळा पाहायला आणखी एक आपत्ती होती. १९५० साली दार्जिलिंगमध्ये दरडी कोसळल्या, माणसं गाडली गेली, रस्ते तुटले. दुर्गानंद सिन्हा यांनी तिथल्या लोकांच्या तोंडच्या बातम्या गोळा केल्या. ही माणसं संकटाच्या मधोमध होती, विध्वंस त्यांच्या डोळ्यांसमोर होता. येऊ घातलेल्या प्रलयाच्या अफवा तिथे तशा उठल्याच नाहीत. भीतीचं कारण समोर ढिगाऱ्याच्या रूपात पडलेलं असताना नवं कारण रचायची गरजच उरली नव्हती.

कारण शोधण्याची ही ओढ शहाण्यासुरत्यांनाही असते. बिहारचा भूकंप म्हणजे अस्पृश्यतेच्या पापाची ईश्वराने दिलेली शिक्षा, असं महात्मा गांधींनी म्हटलं. रवींद्रनाथ ठाकूर गांधीजींना अतिशय मानत, अस्पृश्यतेचे तेही कट्टर विरोधक होते. तरीही निसर्गातल्या घटनेला असा नैतिक अर्थ चिकटवणं चूक आहे, असं त्यांनी जाहीरपणे लिहिलं. गांधीजींनी ते लिखाण आपल्याच ‘हरिजन’ या पत्रात छापलं आणि त्याला उत्तरही दिलं. मतं जुळली नाहीत. पण समोरच्याला ‘हे खरं नाही’ असं आदर राखून सांगता येतं आणि ते ऐकणारा आपल्याच पत्रात त्याला जागा देऊ शकतो, हे १९३४ च्या फेब्रुवारीत या देशाने पाहिलं. याकडे मी शेवटी पुन्हा येणार आहे.

दुसऱ्या महायुद्धात अफवा हा अमेरिकी सरकारच्याही काळजीचा विषय झाला. गॉर्डन ऑलपोर्ट आणि लिओ पोस्टमन यांनी १९४७ साली एक साधं सूत्र मांडलं. अफवेचा जोर दोन गोष्टींच्या गुणाकारावर ठरतो: विषय आपल्या दृष्टीने किती महत्त्वाचा आहे आणि त्याबद्दलची माहिती किती धूसर आहे. बेरीज नव्हे, गुणाकार. म्हणजे दोहोंतली एक गोष्ट शून्य झाली की अफवाही शून्य. आपल्या लेकरांची सुरक्षितता कुणाच्याच लेखी कधी शून्य होणार नाही. पण माहितीचा धूसरपणा कमी करता येतो आणि पडताळणी नेमकं तेच करते.

याच दोघांचा एक प्रयोग अंगावर काटा आणतो. एकाला चित्र दाखवायचं, त्याने ते दुसऱ्याला शब्दांत सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला. पाचसहा तोंडांत बहुतेक तपशील गळून पडत. एका चित्रात रेल्वेच्या डब्यात एक गोरा आणि एक काळा माणूस उभे होते आणि गोऱ्याच्या हातात वस्तरा होता. निम्म्याहून अधिक वेळा सांगता सांगता कुठेतरी तो वस्तरा काळ्या माणसाच्या हातात गेला. कुणी मुद्दाम खोटं बोललं नव्हतं. ज्याची धास्ती मनात आधीपासून होती, त्याच्या हातात मनाने हत्यार देऊन टाकलं.

आजची अफवा मात्र वेगळ्या वाटेने जाते. १९३४ ची गोष्ट तोंडातोंडी बदलत गेली. मोबाइलवरचा व्हिडिओ दहा हजारव्या माणसापर्यंत पहिल्याइतकाच स्वच्छ पोचतो, त्यातला एक ठिपकाही गळत नाही. गळतात ते त्याचं ठिकाण आणि त्याची तारीख. २०१८ मध्ये देशभर फिरलेला एक व्हिडिओ असाच होता. मोटरसायकलवरून दोघे येतात, गल्लीत खेळणाऱ्या मुलाला उचलतात आणि निघून जातात. सोबत मजकूर: मुलं पळवणारी टोळी आपल्या भागात आली आहे. मूळ चित्रफीत होती कराचीतली, मुलांच्या सुरक्षिततेसाठी झटणाऱ्या तिथल्या एका संस्थेने जनजागृतीसाठी बनवलेली. तिच्या शेवटी तेच मोटरसायकलस्वार परत येतात, मुलाला सुखरूप सोडतात आणि मुलांकडे लक्ष ठेवा, अशा अर्थाचा फलक उघडतात. ती शेवटची काही सेकंदं कुणीतरी कापली. मुलं जपा असं सांगण्यासाठी बनवलेलं चित्रण, केवळ शेवट कापल्यामुळे, माणसं मारायला कारण ठरू शकलं.

त्याच वर्षी १ जुलैला, आठवडी बाजाराच्या दिवशी, धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यातल्या राईनपाडा गावात पाच माणसांना जमावाने ठार मारलं. ते नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे होते, बहुतेक जण सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातून आलेले. भिक्षुकी करत गावोगाव हिंडणं ही या समाजाची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. मुलं पळवणाऱ्यांच्या अफवा त्या भागात काही दिवसांपासून मोबाइलवर फिरत होत्या. अनोळखी वेश, अनोळखी बोली, तेवढं पुरलं. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारहाण झाली. ऑलपोर्ट आणि पोस्टमन यांच्या प्रयोगातला वस्तरा इथे पुन्हा एकदा परक्याच्या हातात गेला होता. त्याच सुमारास मालेगावातही एका कुटुंबावर असाच जमाव धावून गेला. तिथे एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात आसरा दिला, पोलीस वेळेवर पोचले आणि सगळे वाचले. अफवा तीच होती, प्रदेशही तोच. मधे उभा राहणारा माणूस एका ठिकाणी होता.

त्या जुलैत व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली आणि पुढच्या जानेवारीत ती जगभर लागू केली. २०२० च्या एप्रिलमध्ये, अनेकदा पुढे पाठवले गेलेले संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतील असं ठरवल्यावर अशा संदेशांची वाटचाल सुमारे ७० टक्क्यांनी घटली, असं कंपनीने सांगितलं. एका बटणावरच्या आकड्याने एवढा फरक पडतो, म्हणजे आपण किती गोष्टी विचार न करता, केवळ हात सोकावलाय म्हणून पाठवत असतो हेही त्यातून दिसतं.

खोटं इतकं पसरतं ते यंत्रांमुळे, असं आपल्याला वाटतं. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या तीन संशोधकांनी २०१८ साली त्याची तपासणी प्रसिद्ध केली. ट्विटरवर २००६ ते २०१७ या काळात फिरलेल्या सुमारे १,२६,००० गोष्टी त्यांनी घेतल्या, खऱ्याही आणि खोट्याही. त्या जवळजवळ तीस लाख लोकांनी पसरवल्या होत्या. दीड हजार लोकांपर्यंत पोचायला खऱ्या गोष्टीला खोटीच्या सहापट वेळ लागला. मग त्यांनी आपोआप संदेश टाकणारी यंत्रचलित खाती हिशेबातून वगळून पाहिली. चित्र बदललं नाही. ती खाती खरं आणि खोटं सारख्याच वेगाने पसरवत होती. खोट्याला जादा वेग देणारी होती हाडामांसाची माणसं. खोट्या गोष्टी अधिक नवलाच्या होत्या. त्या वाचून लोकांच्या प्रतिक्रियांत आश्चर्य आणि किळस अधिक उमटत होती. नवल वाटणं ही ज्ञानाची पहिली पायरी आहे, मूल त्याच बळावर सगळं शिकतं. त्याच सुंदर शक्तीचा हात धरून खोटंही आत येतं.

आणि एकदा आत आलं की पुनरुक्ती त्याला घरचं करून टाकते. एखादं विधान पुन्हा ऐकलं की ते आधीपेक्षा खरं वाटू लागतं, हे १९७७ साली प्रयोगातून दिसलं. ज्याला विषयाचं ज्ञान आहे तो तरी यातून सुटत असेल ना? लिसा फॅझिओ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात अमेरिकी विद्यार्थ्यांसमोर एक विधान असं होतं: स्कॉटलंडचे पुरुष नेसतात त्या आखूड चुण्यांच्या वस्त्राला साडी म्हणतात. आपल्याकडच्या पाच वर्षांच्या पोरीलाही हसू येईल. त्या वस्त्राला किल्ट म्हणतात हे ठाऊक असलेल्या विद्यार्थ्यांनाही, असं विधान आधी एकदा वाचलेलं असलं, की ते थोडं अधिक खरं वाटलं. ज्ञान डोक्यात होतं, पण वाचताना ते बाहेर काढण्याचे कष्ट मनाने घेतले नाहीत. ओळखीचं वाटलं, सहज वाचता आलं, पुढे गेलं. शिकलेला माणूस अफवेला भुलत नाही, ही आपली समजूत इथेच कोसळते.

तरीही कुणालाही विचारा, खोट्या बातम्यांचा त्रास आहे का? हो, फार आहे. तुम्ही फसता का? छे, मी नाही, पण लोक फसतात. १९८३ साली अमेरिकी समाजशास्त्रज्ञ फिलिप्स डेव्हिसन यांनी या वृत्तीवर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी महायुद्धातली एक हकिगत सांगितली आहे. इवो जिमा बेटावर जपान्यांनी पत्रकं टाकली. त्यांचा रोख होता कृष्णवर्णीय अमेरिकी सैनिकांवर: ही गोऱ्यांची लढाई आहे, तिच्यात तुम्ही मरू नका. त्या तुकडीचे अधिकारी गोरे होते. दुसऱ्या दिवशी तुकडी मागे घेण्यात आली. सैनिकांवर त्या पत्रकांचा काही परिणाम झाल्याचा पुरावा कुठेच नव्हता. परिणाम झाला अधिकाऱ्यांवर. आपले सैनिक बहकतील असं त्यांना वाटलं आणि शत्रूला हवं होतं ते त्यांनीच करून टाकलं.

हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. भोळे ते दुसरेच, असं प्रत्येकाने मानलं की तपासून पाहायची पाळी कुणावरच येत नाही. सुशिक्षित मंडळी खेड्यातल्यांकडे बोट दाखवतात, तरुण म्हाताऱ्यांकडे, म्हातारे तरुणांकडे. त्यातून निघणारा उपाय एकच असतो: लोकांना काही कळत नाही, म्हणून सरकारने बंदी घालावी, इंटरनेट बंद करावं. लोकांना शिकवता येईल, हा विचार तिथवर पोचतच नाही.

मग जे खरंच पारखू शकतात, ते नेमकं काय करतात? स्टॅनफर्ड विद्यापीठातले सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅकग्रू यांनी ४५ जणांना संगणकासमोर बसवलं. दहा पीएच.डी. झालेले इतिहासकार, दहा व्यावसायिक पडताळणीकार आणि स्टॅनफर्डचे पंचवीस विद्यार्थी. त्यांना मुलांच्या डॉक्टरांच्या दोन अमेरिकी संघटनांची पानं दाखवली. एक संघटना १९३० पासूनची, हजारो सभासदांची, मान्यवर. दुसरी २००२ साली फुटून निघालेली, मूठभर लोकांची आणि ठरावीक सामाजिक भूमिकेसाठी उभी राहिलेली. नावं इतकी सारखी की पटकन फरक कळू नये. दोन्हींची पानं नीटनेटकी, संदर्भांची यादी दोन्हींकडे.

इतिहासकारांनी ती पानं मन लावून वाचली. भाषा पाहिली, मांडणी पाहिली, तळटीपा पाहिल्या. आयुष्यभर जुनी कागदपत्रं बारकाईने वाचलेली ही विद्वान माणसं, पण बऱ्याच जणांना दोन्ही संघटना विश्वासार्ह वाटल्या. विद्यार्थी तर बहुसंख्येने दुसऱ्या संघटनेकडे झुकले. पडताळणीकारांनी मात्र पान उघडल्याबरोबर सोडून दिलं. शेजारी नव्या खिडक्या उघडल्या आणि इतर लोक या संघटनेबद्दल काय म्हणतात ते शोधलं. थोड्याच वेळात दहाच्या दहा जणांना खरा प्रकार कळला. त्यांनी कमी वाचलं आणि त्यांना अधिक कळलं. शाळेत आपल्याला शिकवलं जातं की लक्षपूर्वक वाचा, शेवटपर्यंत वाचा. आणि इथे जगातली सर्वांत सावध माणसं वाचन थांबवून उठून जात होती. एखादा अनोळखी माणूस स्वतःबद्दल जे सांगतो ते कितीही लक्ष देऊन ऐकलं, तरी त्याची ओळख पटत नाही. त्यासाठी चार लोकांना विचारावं लागतं.

व्हिडिओच्या बाबतीतही पडताळणीकारांचं काम असंच चालतं. चित्रणातली एखादी स्थिर चौकट निवडायची आणि चित्रशोधाला द्यायची. तेच दृश्य याआधी कुठे आलं आहे का, सर्वांत जुनी प्रत कुठली, ते पाहायचं. मग दुकानांच्या पाट्या कुठल्या लिपीत आहेत, गाड्यांच्या नंबरप्लेट कशा आहेत, वाहनं रस्त्याच्या कुठल्या बाजूने चालली आहेत, सावल्या किती लांब आहेत, माणसांच्या अंगावर स्वेटर आहेत की सुती सदरे. कराचीची चित्रफीत अशीच सापडली. यात गुप्तहेरगिरी काही नाही. आठवीतलं मूल हे शिकू शकतं.

खरंच शिकू शकतं का? हा प्रश्न पुन्हा आपल्याला बिहारमध्ये घेऊन जातो.

२०१९ च्या लोकसभा निवडणुकीच्या काळात राज्यशास्त्राच्या संशोधक सुमित्रा बद्रीनाथन यांनी गया जिल्ह्यात बाराशेहून अधिक घरांत एक प्रयोग केला. प्रशिक्षित माणसं घरी जात, तासभर बसून बातमी कशी पडताळायची ते शिकवत, चित्रशोध करून दाखवत, सूचनांचं पत्रकही देत. नंतर तपासलं तर एकूण परिणाम जवळपास शून्य निघाला. एका पक्षाशी घट्ट बांधलेल्या माणसांत तर आपल्या पक्षाला सोयीच्या खोट्या गोष्टी ओळखण्याची क्षमता उलट थोडी घटली. हा निष्कर्ष त्यांनी जसाच्या तसा छापला. मला त्याबद्दल फार आदर वाटतो. लोकांना सुधारता येत नाही असं म्हणून तिथेच थांबणं किती सोपं होतं!

त्या थांबल्या नाहीत. प्रियदर्शी अमर, सिमॉन शोशार आणि फ्लोरियान झिश्टार्ट यांच्यासह त्यांनी बिहार सरकारच्या मदतीने बरंच मोठं काम उभं केलं. ५८३ गावं, साडेतेरा हजारांहून अधिक शाळकरी मुलं, आठवी ते बारावीतली. चौदा आठवड्यांचा अभ्यासक्रम, गावागावांतल्या ग्रंथालयांत चालणारे वर्ग, शिक्षक, सोबती, गृहपाठ. निम्म्या मुलांना बातमी कशी पारखायची ते शिकवलं, विशेषतः आरोग्याविषयीची: लशी, औषधं, घरगुती इलाज. उरलेल्या मुलांना तुलनेसाठी इंग्रजीचे धडे दिले, म्हणजे नुसत्या वर्गाला येण्याचा परिणाम वेगळा काढता यावा.

या वेळी फरक दिसला आणि तो ठळक होता. शिकलेली मुलं खरंखोटं अधिक चांगलं ओळखू लागली आणि बेभरवशाच्या स्रोतांवर कमी विसंबू लागली. चार महिन्यांनी पुन्हा तपासलं, तेव्हाही ते टिकून होतं. एवढंच नाही, वर्गात शिकवला होता आरोग्याचा विषय, पण तीच नजर मुलांनी राजकीय खोटेपणावरही रोखली. गयेतल्या मोठ्या माणसांना तासाभरात जे जमलं नव्हतं ते चौदा आठवड्यांत मुलांना जमलं. आणि मग सगळ्यात विलक्षण गोष्ट. या मुलांच्या आईवडिलांची पारखही सुधारली. ते कुठल्याच वर्गाला गेले नव्हते.

हे वाचून मी बराच वेळ थांबलो. ज्या मातीतल्या अफवांनी एका थोर उपपत्तीला जन्म दिला, त्याच मातीत नव्वद वर्षांनी हे दिसलं की पारख आणि सावधपणाही अफवेसारखाच एका माणसाकडून दुसऱ्याकडे जातो. संध्याकाळी चुलीजवळ कुणी मुलगी आईला म्हणाली असेल, ‘आई, हे आधी बघूया गं, कुठून आलंय ते.’

मोठ्यांना मुलांनी असं टोकायचं, हे आपल्याला अवघड जातं. कुटुंबाच्या ग्रुपवर काकांनी पाठवलेली गोष्ट खोटी आहे हे दिसत असूनही आपण गप्प बसतो, कारण त्यांचा मान राखायचा असतो आणि वादही नको असतो. बद्रीनाथन आणि शोशार यांनी भारतात याच प्रसंगावर प्रयोग केला. व्हॉट्सॲपच्या गप्पांत कुणीतरी खोटी गोष्ट टाकली आणि दुसऱ्या कुणीतरी तिला हटकलं, असं दृश्य त्यांनी लोकांना दाखवलं. हटकणारा कोण आहे, त्याने पुरावा किती भक्कम दिला, याने फारसा फरक पडला नाही. ‘मला नाही वाटत हे खरं असेल,’ एवढं साधं वाक्यही पाहणाऱ्यांचा खोट्यावरचा विश्वास कमी करायला पुरलं. त्याचा उपयोग ज्याला उत्तर दिलं त्याच्यापुरताच नसतो. ग्रुपवरच्या ज्या पन्नास जणांनी काहीच न बोलता वाचलं, त्यांच्यासाठीही तो असतो. ‘काका, हे जुनं दिसतंय, जरा तपासून बघू का?’ असं म्हटल्याने काकांचा मान कमी होत नाही. रवींद्रनाथांनी गांधीजींचा मान कमी केला नव्हता.

मोठ्यांसाठी आणखी एक हलका उपाय प्रयोगांत टिकला आहे. २०२१ साली ‘नेचर’मध्ये गॉर्डन पेनिकुक, डेव्हिड रँड आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की लोकांना विचारलं, हे खरं आहे का, तर ते बऱ्यापैकी अचूक सांगतात. पण पुढे पाठवणार का, असं विचारलं तर खऱ्या आणि खोट्यातला फरक जवळजवळ पुसला जातो, कारण त्या क्षणी खरेपणाचा विचारच मनात नसतो. त्यांनी ट्विटरवरच्या पाच हजारांहून अधिक लोकांना एकच मथळा पाठवून तो खरा वाटतो का, असं विचारलं. नंतर त्या लोकांनी पुढे पाठवलेल्या दुव्यांचा दर्जा सुधारलेला दिसला. उपदेश नाही, शिकवणी नाही. एक प्रश्न विचारला गेला, एवढंच.

बिहारने हे वर्ग ग्रंथालयांत चालवले आणि मला तिथेच आपली वाट दिसते. महाराष्ट्रात १९६७ सालापासून सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आहे आणि त्याखाली मान्यता मिळालेली दहा हजारांहून अधिक ग्रंथालयं गावोगाव उभी आहेत. त्यातल्या कित्येकांत दुपारी वर्तमानपत्रांच्या टेबलाभोवती दोनतीन म्हातारी माणसं असतात आणि बाकी खोली रिकामी. तुम्ही अशा एखाद्या ग्रंथालयाचे सभासद असाल, कार्यकारिणीवर असाल, शाळेत शिकवत असाल, तर पुढच्या सभेत हा विषय मांडा. आठवीच्या पुढची वीस मुलं, आठवड्यातला एक तास, एक मोबाइल, आणि त्या आठवड्यात गावात फिरलेला एक संदेश. चौदा आठवडे चालवून बघा.